चहा, लोह आणि इंदुताई

हिमायतनगर, हैदराबाद
९ जून २०२५

तीर्थस्वरूप इंदुताईस,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे त्रिवेणीचा, पार पायापर्यंत वाकून नमस्कार. हल्ली मला तेवढं वाकता येतं.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस. तुझ्या मेहुण्याच्या, विनयच्या, नंबरालाही केलंस. ईशाने बिचारीने मेसेज पाठवला, तर तिला उत्तर दिलंस, "तुझ्या आईला म्हणावं, मावशी घरात नाही." ठीक आहे. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावरचा पत्ता ईशाने इंग्रजीत घातलाय. मराठी तिला बोलता फर्डं येतं, पण लिहायला बसवलं की 'परभणी'चा र कुठे जाईल सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीत जे झालं त्याची माफी मी मागणार नाही, हे आधीच सांगते. तूही मागू नकोस. पण तुझ्या मनात ते एका बाजूने बसलंय, म्हणून दुसरी बाजू ऐकून घे.

पंगत बसली होती. तू पुरणपोळ्यांचं ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "वेणे, अर्धीच." मी पानावर दोन्ही हात आडवे धरले. तू हातांच्या फटीतून वाढलीस, वर तुपाची धार सोडलीस, आणि खाईपर्यंत हलली नाहीस. सगळी परभणी बघत होती. मी खाल्ली. मग आणखी अर्धी आली, तीही खाल्ली. थोड्याच वेळात मला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली आणि मी तुझ्या नव्या कोऱ्या फरशीवर आडवी. लोक पानावरून उठले. कुणीतरी म्हणालं, पुरण आंबलं असेल. तुझं पुरण! तेव्हा तुझा चेहरा कसा झाला ते मी खाली पडल्या पडल्या पाहिलंय.

मग विनय घाबरून सगळ्यांसमोर बोलून गेला, की पुरण चांगलं आहे हो, हिचंच पोट लहान केलंय. दीड वर्षापूर्वी वजन कमी करायला मी ऑपरेशन करून घेतलं आणि तुला सांगितलं नाही, हे तुला असं भर पंगतीत कळलं. तू म्हणालीस, "मी भरवलेल्या घासांवर सुरी फिरवलीस." त्यानंतर तू आजतागायत बोललेली नाहीस.

ताई, माझं पोट आता अंड्याएवढं आहे. वरचा एवढासा भाग ठेवून डॉक्टरांनी तो आतड्याला पुढे जोडून दिलाय. गोड आणि तुपकट एकदम आत गेलं की अंग गांगरतं, एवढंच त्या दिवशी झालं. तुझ्या हाताचा काही दोष नव्हता आणि माझ्या जिवालाही काही धोका नव्हता.

आता मुद्द्याचं. लग्न होऊन तू परभणीला गेलीस त्याला चाळीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत एकही नवरात्र तू माहेरपणाला आली नाहीस असं झालेलं नाही. आईबाबा गेल्यावर तुझं माहेर म्हणजे माझं घर. यंदा घट बावीस सप्टेंबरला बसतायत. तू येणार की नाही, एवढंच मला कळायला हवं. बाकी भांडण तू हवं तितकं चालव.

माझी तब्येत ठणठणीत आहे. बेचाळीस किलो उतरले. उन्हाने जरा थकवा येतो, म्हणून हे पत्र दोन बैठकांत लिहिलं. बर्फ चघळायची सवय लागलीय, तीही उकाड्यामुळेच.

तुझी,
ब्लॉक केलेली वेणी


हिमायतनगर
३ जुलै

प्रिय ताई,

उत्तर नाही आलं. पण एकनाथराव भाऊजींनी विनयला फोन करून सांगितलं, की पत्र पोचलं, तू ते आधी उभ्या उभ्या वाचलंस आणि मग चष्मा लावून, बसून, पुन्हा वाचलंस. त्यांच्यावर चिडू नकोस. बिचारे गच्चीवर जाऊन, हलक्या आवाजात बोलत होते. सेवानिवृत्त हेडमास्तरांना स्वतःच्या घरात चोरासारखं बोलायला लावणारी तूच.

तुला ऑपरेशनचं का सांगितलं नाही ते सांगते. गेल्या नवरात्रात मी उतरलेली बघून तू विचारलंस, तेव्हा साखरेचं पथ्य म्हणून वेळ मारून नेली. सांगितलं असतं तर तू रडली असतीस. तू रडलीस की मी काहीही कबूल करते, लहानपणापासून. मग ऑपरेशन झालंच नसतं. गुडघे गेले होते, साखर वाढली होती, हे तर होतंच. पण खरं कारण मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही. तुला आपल्या कॉलनीच्या मैदानावरचा भोंडला आठवतो ना? पाटावरच्या हत्तीभोवती सगळ्या बायका फेर धरायच्या आणि मी कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची. वर्षानुवर्षं मी सगळ्यांच्या चपला आणि पर्सा राखल्या. कुणी म्हणायचं नाही "त्रिवेणी, ये फुगडीला", कारण माझा हात कोण धरणार? तू एकदा धरलास, आपण दोघी पडलो, आणि तुझं मनगट सुजलं. तू घरी सगळ्यांना सांगितलंस की बादली उचलताना लचकलं.

गेल्या वर्षी धीर झाला नाही, पण मला तुझ्याशी फुगडी खेळायची आहे, ताई. लहानपणी आपण घालायचो तशी, पायाचे अंगठे जुळवून, मागे झुकून, पार चक्कर येईपर्यंत. चोपन्न वर्षांच्या बाईने यासाठी पोट कापून घेतलं असं कुणाला सांगितलं तर हसतील. तूही हस हवं तर.

बाकी सगळं मजेत. बर्फाचं मात्र थोडं वाढलंय. ईशाने फ्रीजमध्ये दोन जादा ट्रे लावलेत, ते दुपारपर्यंत संपतात. मग मी कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून नुसता बर्फ आणते. तो म्हणतो, "अम्मा, खाली बरफ कायकू? रंग तो डालने दो." मी म्हणते, "नक्को." केस जरा गळतात. आणि जिना चढताना मी पहिल्या मजल्यावरच्या राधाम्मांच्या दाराशी थांबून त्यांच्या तुळशीचं कौतुक करते. रोज. येताना, जाताना. त्यांना वाटतं मला तुळशीचं फार वेड आहे. खरं म्हणजे मला पुढच्या पायऱ्या चढायला दम लागतो.

हे वाक्य लिहायचं नव्हतं, पण शाईच्या पेनाने लिहिलंय, खोडता येत नाही.

काल ईशाने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि लगेच मला रक्त तपासायला नेलं. रिपोर्ट उद्या येईल. कळवण्यासारखं काही नसेलच.

तुझी वेणी


हिमायतनगर
२२ जुलै

ताई,

कळवण्यासारखं आहे.

माझं हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन निघालं. बायकांचं बारा तरी असावं म्हणतात. शरीरात लोहाचा जो साठा असतो, तो जवळजवळ संपलेला. बी-बारा कमी, ड जीवनसत्त्व कमी. बर्फ खावासा वाटतो तोही उकाड्याने नाही म्हणे. अंगातलं लोह संपलं की असे डोहाळे लागतात. कुणी माती खातं, कुणी पाटीवरची पेन्सिल खातं, मी बर्फ खाते.

आता विनयची गंमत ऐक. गंमत आता म्हणते, तेव्हा नव्हती.

तुला माहीत आहे, त्याने सगळी नोकरी सरकारी कचेरीत काढली. टेबलावर फाईल उरली तर त्याला झोप यायची नाही. निवृत्त झाल्यावर टेबल गेलं आणि माझ्या गोळ्या आल्या. ऑपरेशननंतर जन्मभर गोळ्या घ्यायच्या असतात, लोहाची, कॅल्शियमची, जीवनसत्त्वांची. विनय सकाळी उठून सगळ्या गोळ्या एका बशीत मांडायचा, शेजारी आल्याचा कडक चहा ठेवायचा, आणि मी शेवटची गोळी गिळेपर्यंत समोर उभा राहायचा. मग हात झटकून म्हणायचा, "झालं आजचं कामकाज." दीड वर्षात त्याने एकही दिवस चुकवला नाही. सर्दीने बेजार होता तेव्हासुद्धा नाही.

आमच्या दवाखान्यात आहार सांगणारी लावण्या नावाची पोरगी आहे, ईशापेक्षा थोडी मोठी असेल. तिने रिपोर्ट बघितला, मग मला बघितलं, आणि विचारलं, "गोलियां लेते ना अम्मा?"

मी काही बोलायच्या आत विनय खुर्चीत ताठ झाला. "लेते म्हणजे? रोज लेते. मैं खुद देता."

"कैसे देते सर?"

त्याने बशी, क्रम, चहा, सगळं अभिमानाने सांगितलं. लावण्याने पेन खाली ठेवलं.

"सब एक साथ? लोहा और कैल्शियम एक साथ? ऊपर से चाय?"

"हौ. एकदम काम खतम."

"अय्यो सर," ती म्हणाली, "आप तो रोज सुबे लोहा खरीद के मूसी में डाल रै."

मूसी नदीत लोह! मला हसू आवरेना. विनय मात्र हसला नाही. मग तिने नीट समजावलं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले की कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. चहा तर त्याहून वाईट. लोहाची गोळी एकटी घ्यायची, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम दोन तासांनी. चहा गोळीच्या आसपास फिरकूही द्यायचा नाही. जेवताना आधी डाळ, पनीर, अंडं, जे काही अंगाला लागणारं असेल ते, आणि पोळी-भात नंतर, जागा उरली तर. आणि हे सगळं करूनही माझ्यासारखीला गोळी कमीच लागू पडते, कारण लोह शोषून घेणारा आतड्याचा भागच वळसा घालून मागे टाकलाय. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलेलं असतं. आम्ही पहिली दोन वेळा गेलो, आणि मग मी बारीक दिसायला लागले तशी दोघांचीही खात्री झाली, की दवाखान्याशी आपलं नातं संपलं.

घरी येताना रिक्षात विनय रिपोर्टची घडी घालत-उलगडत होता. नारायणगुड्याच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा म्हणाला, "त्रिवेणी, मी दीड वर्ष तुला उपाशी ठेवलं गं." मी त्याला म्हटलं, अहो, तुमच्याएवढ्या निष्ठेने कुणी आपल्या बायकोला उपाशी ठेवलं नसेल. मग कुठे तो हसला. आता त्याने भिंतीवर वेळापत्रक लावलंय आणि माझ्या चहावर पहारा बसवलाय. काल दुपारी मी राधाम्मांकडे चोरून अर्धा कप घेतला, तर हा खालच्या मजल्यापर्यंत वास काढत आला.

डॉक्टर म्हणतात, गोळ्यांवर भागणार नाही, लोह सलाईनमधून द्यावं लागेल.

इतका वेळ हसत लिहिलं, पण तुला खरं सांगते. मी घाबरले, ताई. दवाखान्यात हसले, रिक्षात विनयला हसवलं, घरी येऊन न्हाणीघराचं दार लावलं आणि खूप रडले. पोट कापून घेतलं फुगडीसाठी, आणि आता स्वतःभोवती एक गिरकी घेतली तरी डोळ्यापुढे अंधारी येते. आई असती तर तिच्या मांडीवर डोकं ठेवलं असतं. आई नाही आणि तू बोलत नाहीस.

नवरात्राला दोन महिने आहेत. तोवर मी उभी राहते. तू यायचं बघ.

तुझी वेणी


हिमायतनगर
२९ ऑगस्ट

ताई, माझी ताई,

पार्सल पोचलं.

आत चिठ्ठी नव्हती. पाठवणाऱ्याच्या जागी भाऊजींचं नाव, भाऊजींचं अक्षर. पण अळिवाचे लाडू भाऊजींनी वळले असं तू मला सांगणार आहेस का? त्यांना चहात साखर किती घालतात ते माहीत नाही.

डबा उघडला आणि मी बघतच राहिले. लाडू सुपारीएवढे. तुझे लाडू, ताई! तुझा लाडू म्हणजे दोन हातांनी धरायचा, हे सगळ्या खानदानाला माहीत आहे. तुझ्या हाताने एवढासा लाडू वळला गेला असेल तेव्हा तुला काय वाटलं असेल, ते मला इथे बसून दिसलं. गूळही तू जेमतेम घातलायस. मी एक उचलला, चार घासांत हळूहळू खाल्ला आणि वाट बघत बसले. घाम नाही, धडधड नाही, काही नाही. विनय पंखा घेऊन शेजारी उभाच होता. मग मी मोठ्याने हसले आणि डोळ्यांतून पाणी आलं. लावण्याला दाखवले तर ती म्हणाली, अळीव चांगलं, पण हे औषध नाही, खाऊ आहे, दिवसाला एकच. मी म्हटलं, पोरी, तुला काय माहीत हे काय आहे ते.

सलाईन दोन वेळा झालं. लोहाचं सलाईन कसं दिसतं माहीत आहे? थेट कडक चहाच्या रंगाचं. विनयला म्हटलं, बघा, तोंडाने बंद केलात तर शेवटी शिरेतून चढवावा लागला. नर्सला हसू फुटलं आणि तिने ते तेलुगूत सगळ्या वॉर्डला सांगितलं. बी-बाराचं इंजेक्शनही सुरू झालंय.

पहिल्या सलाईननंतर काही दिवसांनी ईशा म्हणाली, "मम्मी, ट्रे में बर्फ वैसाच है." मी बघितलं तर खरंच, सगळे ट्रे भरलेले. मला बर्फाची आठवणसुद्धा झाली नव्हती. परवा गणपतीची मूर्ती आणायला गेले, ती स्वतः हातात धरून दोन जिने चढले आणि दारात आल्यावर लक्षात आलं की आपण मधे थांबलोच नाही. राधाम्मांनी मागून हाक मारली, "क्या हुआ त्रिवेणीगारू, तुलसी पे गुस्सा है क्या?" त्यांना आता सगळं खरं सांगावं लागलं. हे पत्रही मी आबिड्सच्या मोठ्या पोस्टात पायी जाऊन टाकणार आहे. इतक्या लांब माझे पाय मला न कुरकुरता कधी घेऊन गेलेत ते आठवत नाही.

यंदा मैदानावर मजा आहे. तेलुगू बायकांचा सद्दुल बतुकम्मा, त्यांच्या फुलांच्या सणाचा शेवटचा दिवस, तीस सप्टेंबरला आहे, आणि आपल्या मंडळाचा भोंडलाही त्याच संध्याकाळी. एका बाजूला त्यांच्या फुलांच्या राशी, दुसऱ्या बाजूला आपला हत्ती. दोन्हीकडे फेर. खुर्ची कुणाला मिळणार याची मी चौकशी केलेली नाही.

लाडवाच्या डब्याची परतफेड रिकाम्या डब्याने करत नाहीत. तो भरून ठेवलाय. न्यायला ये.

तुझी वेणी


१ ऑक्टोबर, दुपार
पत्ता: आमच्याच घरातली मधली खोली

ताई,

दार लावून बसलीस. माझा आवाज ऐकायचा नाही म्हणतेस, म्हणून हे दाराखालून सरकवतेय. तुला पत्रं वाचायची सवय आहेच आता.

तू आलीस, यात माझं सगळं वर्ष भरून पावलं. काचीगुड्याला गाडीतून उतरलीस, मला वरपासून खालपर्यंत बघितलंस, म्हणालीस, "मेली, पदर खोचायला जागा राहिली नाही," आणि तिथे फलाटावरच माझ्या गळ्यात पडलीस. भाऊजी दोन बॅगा हातात घेऊन उभे राहिले. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला तुला सांगायला नको.

पण कालचं सांगायला हवं, कारण तू ते कबूल करत नाहीस.

काल आपण फुगडी घातली. पलीकडे बतुकम्माच्या झेंडूच्या आणि गुनुगूच्या फुलांच्या राशी, टाळ्यांचा ठेका. आपल्याकडच्या सगळ्या जणी गाणं सोडून आपल्याकडे बघायला लागल्या. तू माझे हात धरलेस. मी आधी भीत भीत पाय टाकले, मग तू मागे झुकलीस, मी झुकले, आणि आपण सुटलो. ताई, मला काहीही झालं नाही. डोळ्यापुढे अंधारी नाही, दम नाही. दिवे, साड्या, ईशाचा मोबाइल धरलेला हात, सगळं गरागरा फिरत होतं आणि मधे तुझा चेहरा एका जागी. मी ओरडत होते बहुतेक. इतका आनंद मला ईशा झाली तेव्हा झाला होता, त्यानंतर काल.

आणि मग तुझे हात सैल झाले.

तू म्हणतेस पाय घसरला. नाही घसरला. तुझे ओठ पांढरे पडले होते. मी तुला धरलं म्हणून तू खाली बसलीस, नाहीतर पडली असतीस. राधाम्मांनी ताक आणलं, तू दोन घोट घेतलेस आणि म्हणालीस, "कुणाला सांगू नको, रोजचंच आहे." रोजचंच! हे तू बोललीस, मी बनवलेलं नाही.

म्हणून आज सकाळी तुला बांगड्या घ्यायला म्हणून बाहेर काढलं आणि रक्त तपासायला नेलं. फसवलं, कबूल. तूही मनगट बादलीने लचकलं म्हणून सांगितलंच होतंस. रिपोर्ट आला, सहा पूर्णांक आठ. माझं सगळ्यात वाईट होतं तेव्हासुद्धा सात होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, परभणीपर्यंतचा प्रवास आत्ता नको, रक्त का कमी झालं त्याचं कारण शोधायला हवं, आणखी तपासण्या कराव्या लागतील. घाबरण्यासारखं काही हाताला लागलेलं नाही, पण "आल्याच आहेत तर बघून घेऊ," असं म्हणाले. त्यावर तू म्हणालीस, "माझं पोट कुणी कापलेलं नाही, मला काय धाड भरलीय," आणि बॅग भरायला घेतलीस.

तुझं पोट कुणी कापलं नाही हे खरं. पण त्यात जातं काय, ते या नवरात्रात मी पहिल्यांदा नीट बघितलं. इतकी वर्षं माझं लक्ष माझ्याच ताटात असायचं. आता माझं ताट चार घासांत आटोपतं, मग बघायला वेळच वेळ असतो. तू सगळ्यांना वाढतेस. भाऊजींना, विनयला, ईशाला, दारात आलेल्याला. कुणाचं पान रिकामं राहू देत नाहीस. मग सगळे उठले की तू ओट्याशी उभी राहून कढईला पोळी पुसून घेतेस, ती कोरडी पोळी चहात बुडवतेस, आणि झालं तुझं जेवण. डाळ संपलेली असते, भाजी संपलेली असते. तांदूळ निवडताना मूठमूठ कच्चे तांदूळ तोंडात टाकतेस, ते तुला वाटतं कुणाला दिसत नाही. मी बर्फ खायचे तसेच हे आहे, ताई. आणि हे नऊ दिवसांचं नाही, चाळीस वर्षांचं असणार. परभणीला तुझ्या घरी किती पंगती उठल्या, त्यातल्या एकीत तरी तुला कुणी बसवलं का? तू सगळ्या जगाला आग्रह केलास. तुला कुणी केला?

मीही नाही केला. माझ्यावर रागव, हवं तर पुन्हा ब्लॉक कर, पण इथे राहून कर.

भाऊजी बाहेर बसलेत. तिकिटं हातात घेऊन नुसते उलटसुलट करतायत. संध्याकाळच्या गाडीने जाऊ नकोस. माहेरी आलेली बाई अशी रक्त सांडल्यासारखी पांढरी परत पाठवली, तर आई मला वरून काय म्हणेल? तू माझ्यासाठी सुपारीएवढे लाडू वळलेस. मला तुझ्यासाठी काहीतरी करू दे.

मी दाराबाहेरच बसलेय. खाली बसलेय, मांडी घालून.

वेणी


(त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलीने)

वेणे,

पाय घसरलाच होता. थोडा.

तीन वर्षं झाली गरगरतं. देवळाच्या पायऱ्या चढत नाही, खालूनच हात जोडते. यांना सांगितलं नाही, कारण मग स्वयंपाक कोण बघणार. तू सांगू नको, मी सांगते त्यांना. तिकिटं रद्द करा म्हणावं. तपासण्या काय त्या करू, पण तो दवाखानेवाला मला "अम्मा" म्हणाला तर मी ऐकून घेणार नाही, माझ्याएवढाच दिसतो.

मैदानात तू फिरत होतीस तेव्हा मला तू नऊ वर्षांची दिसलीस. त्यानेच चक्कर आली असेल, रक्ताने नसेल.

रडू नको बाहेर, इथे ऐकू येतंय. ऊठ. मला भूक लागली आहे. पान मांड, भात गरम असू दे, डाळ वरची नको, तळातली घट्ट वाढ. आज मी आधी बसते.